भ्रूणातला आत्मा शोधण्याआधी आईची सही पाहा

गेल्या वर्षावासात अष्टमीच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालू होते. अहिंसेवरचा भाग वाचून झाला, चहा आला, आणि एका जोडप्याने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून सतरंजीवर ठेवला. दोघेही आपलेच. तो धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार, ती शिवणकाम करते. लग्नाला नऊ वर्षे होऊनही मूल नव्हते. शेवटी कर्ज काढून एका खासगी केंद्रात टेस्ट ट्यूबचा उपचार घेतला. पहाटेच्या दिवा गाडीने जायचे, इंजेक्शन घ्यायचे, रात्री परत यायचे. आता त्यांना मुलगी आहे. पण त्या वेळी पाच भ्रूण तयार झाले होते. दोन गर्भाशयात सोडले, तीन गोठवून ठेवलेत. त्यांचे भाडे दरवर्षी भरावे लागते. आता केंद्राने विचारले आहे: पुढे ठेवायचे, नष्ट करायचे, की संशोधनासाठी द्यायचे? खूण करा, खाली सही करा.

ताईंनी विचारले, “दादा, पहिले शील आपण रोज घेतो. मग संशोधनाला दिले तर आम्ही तीन जीव मारायला दिले, असे होईल का?”

एक ज्येष्ठ म्हणाले, होय, होईल. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, आपण विज्ञानवादी आहोत, बिनधास्त सही करा. दोघांचीही उत्तरे अर्ध्या मिनिटात आली. त्या रात्री आम्हाला दोन्ही पटली नाहीत, पण का पटली नाहीत हे सांगताही येईना. नंतरचे काही महिने आम्ही पाच-सहा जण जमेल तसे वाचत राहिलो, भांडत राहिलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडत आहोत.

आधी ज्याच्यावर एवढा वाद, ती वस्तू काय आहे ते नीट पाहू. स्त्रीबीज आणि शुक्राणू काचेच्या बशीत एकत्र आले की पेशींची फाळणी सुरू होते. पाचव्या दिवशी शंभर-दोनशे पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो. मोहरीच्या दाण्यापेक्षाही तो कितीतरी लहान असतो. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा जो पुंजका असतो, त्यातून शरीराची कोणतीही पेशी घडू शकते. हृदयाची, मज्जातंतूची, रक्ताची. याच मूलपेशी. १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी त्या मानवी भ्रूणातून वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढत्या ठेवल्या. पण त्या काढताना भ्रूण संपतो. सगळा झगडा इथे आहे.

जगात बऱ्याच ठिकाणी या संशोधनाला चौदा दिवसांची मर्यादा घालण्यात आली. ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने ती १९८४ मध्ये सुचवली आणि आपल्याकडे आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीच आहे. चौदा दिवसच का? कारण त्या सुमारास भ्रूणावर एक बारीक रेष उमटते, जिच्यावरून पुढे शरीराची दिशा ठरते. मज्जासंस्थेचा तोवर पत्ताही नसतो. आणि त्याआधी एका भ्रूणाचे दोन होऊ शकतात, म्हणजे जुळी भावंडे. गर्भधारणेच्या क्षणीच एक आत्मा आत शिरतो असे मानणाऱ्यांनी या जुळ्यांचा हिशेब जरा मांडून दाखवावा. एका आत्म्याचे दोन तुकडे झाले, की दुसरा रांगेत उभा होता?

हा विनोद नाही. अमेरिकेत या संशोधनाचे राजकारण याच आत्म्यावर झाले. चर्चने आणि तिथल्या उजव्या पक्षांनी भ्रूणाला पूर्ण माणूस ठरवले. आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या वेषात येते. गर्भसंस्काराच्या वर्गांत अभिमन्यूची गोष्ट सांगितली जाते, ‘उत्तम संतती’ची स्वप्ने विकली जातात. गर्भात आधीच सगळे ठरलेले असते, हा त्या दोन्हींचा पाया. जन्माने माणूस ठरतो असे मानणाऱ्या समाजात जन्माच्याही आधी माणूस ठरवायला निघालेले लोक असावेत, यात नवल काही नाही.

पण प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रश्न केवळ त्यांचाच नाही, आपलाही आहे. पाली विनयात भिक्खूला मनुष्यहत्येचा जो सर्वात कडक निषेध आहे, तो आईच्या कुशीत विज्ञानाचा पहिला उदय होतो तिथपासून लागू धरला आहे. विज्ञान म्हणजे इथे जाणीव. श्रीलंका, थायलंडमधले अनेक भिक्खू त्याच आधारावर बोलतात. आमच्या विहारातले ज्येष्ठ काही हवेतून बोलत नव्हते. मात्र त्या ग्रंथात ‘आईच्या कुशीत’ हे शब्द आहेत. भ्रूण कुशीबाहेर, नायट्रोजनच्या टाकीत उणे १९६ अंशांवर वर्षानुवर्षे राहू शकतो, ही कल्पना अडीच हजार वर्षांपूर्वी कुणाला असणार?

बाबासाहेबांनी या गाठीला हात घातलेला आहे. आत्मा त्यांनी नाकारला. पुनर्जन्माचा अर्थ त्यांनी शरीरातल्या महाभूतांच्या मिसळण्या-विलग होण्याशी लावला. एक आत्मा एक देह सोडून दुसऱ्यात शिरतो हे त्यांनी मान्य केले नाही. आणि अहिंसेबद्दल त्यांचे म्हणणे त्याच रात्री आम्ही वाचले होते: अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक देते. जीव घेण्याची इच्छा आणि जीव घेण्याची गरज, यांत त्यांनी फरक केला. म्हणजे ताईंच्या प्रश्नाला पोथीतून ‘हो’ किंवा ‘नाही’ काढून देणे हेच मुळी धम्माला धरून नाही. गरज कुणाची, हेतू काय, दुःख कुणाचे कमी होणार आणि कुणाचे वाढणार, हे तपासावे लागेल. आमच्या तरुण मित्राचे ‘बिनधास्त सही करा’ इथेच अडखळते, कारण त्याने यांपैकी काहीच तपासले नव्हते. विज्ञानवादी असणे म्हणजे पांढरा कोट दिसला की सही करणे नव्हे.

तर मग तपासू.

भारतातली पहिली नोंदलेली टेस्ट ट्यूब बेबी ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा यांचे नाव सर्वांना माहीत आहे. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे करून दाखवले होते. त्यांना व्यवस्थेने इतके छळले की त्यांनी आत्महत्या केली. ते वेगळे आणि मोठे दुःख आहे. इथे आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की केईएम हे महापालिकेचे रुग्णालय. त्याला साथ होती परळच्याच आयसीएमआरच्या संशोधन संस्थेची. म्हणजे हे तंत्र महाराष्ट्रात आले ते जनतेच्या पैशातून, गोरगरीब ज्या ओट्यांवर बसून नंबर लावतात तिथे. आज ते कुठे आहे? अष्टमीच्या माणसाला त्यासाठी दीड-दोन लाखांचे कर्ज काढावे लागते आणि खासगी केंद्राचा जिना चढावा लागतो. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात २०२३ पासून हा उपचार मोफत सुरू झाला. तिथे जमते, तर रायगड जिल्ह्यात का नाही?

आता मुंबईचाच दुसरा प्रसंग. ९ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी जाहीर केले की यापुढे भ्रूण नष्ट करून होणाऱ्या संशोधनाला सरकारी पैसा मिळणार नाही, मात्र जगात आधीच तयार असलेल्या मूलपेशींवर काम करायला मिळेल. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने अशा ६४ पेशीवंशांची यादी काढली. एका भ्रूणापासून निघून प्रयोगशाळेत वाढत राहणारी पेशींची पिढी म्हणजे एक पेशीवंश. त्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात होते आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे तीन. वर्तमानपत्रांनी अभिमानाने बातम्या छापल्या. अमेरिकेने हात आखडता घेतला, आता भारताला संधी, असा सूर होता. आपल्याकडे तेव्हा या विषयावर कायदा नव्हता आणि मूलपेशींसाठीची वेगळी मार्गदर्शक तत्त्वेही नव्हती. ती आली २००७ मध्ये. पुढे त्या अमेरिकी यादीतले जेमतेम वीस-बावीस पेशीवंशच संशोधकांच्या हाती पडण्यासारखे निघाले, आणि मुंबईचे सात त्यांत नव्हते.

आम्ही कुणावर गैरप्रकाराचा आरोप करत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. त्या सगळ्या बातम्यांत कंपनी होती, डॉक्टर होते, बुश होते, पोप होते, भारताचे भविष्य होते. ज्यांच्या पोटातून स्त्रीबीजे काढली त्या बाया कुठेच नव्हत्या. दहा-बारा दिवस रोज हार्मोनची इंजेक्शने घ्यायची. मग भूल देऊन, योनीमार्गातून सुई घालून बीजे काढायची. कधी अंडाशय सुजते, पोटात पाणी होते, क्वचित जिवावरही बेतते. भ्रूण आकाशातून पडत नाही. त्याच्या आधी एक बाई टेबलावर झोपलेली असते. नीतीची चर्चा तिच्यापासून सुरू व्हायला हवी. ती बशीतल्या शंभर पेशींपासून सुरू होते, हाच तिचा पहिला अधर्म.

बाबासाहेबांचा रस्ता बाईपासूनच सुरू होतो. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तो भार सरकारने उचलावा, आणि जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो त्यालाही सुटता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९३४ मध्ये संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’साठी खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागे बाबासाहेबच होते. ठराव पडला. पण त्या काळात बाईच्या गर्भाशयाबद्दल बाईच्या बाजूने बोलणारा राजकीय नेता दुसरा दाखवा.

संमतीचे म्हणाल, तर या देशात आपल्या लोकांच्या सह्या कशा घेतल्या जातात हे आपल्याला नवे नाही. २००९ मध्ये आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी-दलित मुलींना एचपीव्हीची लस प्रकल्प म्हणून टोचली गेली. अनेक संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननेच सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये या प्रकारावर कोरडे ओढले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास झाला. दीड लाख बायका त्यात होत्या. निम्म्यांची तपासणी झाली, निम्म्यांना फक्त आरोग्याची माहिती मिळाली. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे त्यातून सिद्ध झाले. संशोधकांचे म्हणणे, त्या काळी देशात सरकारी तपासणी नव्हतीच, त्यामुळे आम्ही कुणाचे काही काढून घेतले नाही. टीकाकारांचे म्हणणे, तपासणीने जीव वाचतो हे जगाला माहीत असताना पाऊण लाख बायकांना नुसते पाहत का बसलात? आमच्यात यावर एकमत झाले नाही. आमच्यापैकी एकीने, जी स्वतः नर्स आहे, त्या अभ्यासाची बाजू घेतली. त्यामुळे पुढे सरकारला स्वस्त तपासणीचा मार्ग सापडला, हे तिचे म्हणणे आम्हाला खोडता आले नाही. पण तो अभ्यास मलबार हिलच्या बायकांवर झाला नाही, हेही तिला खोडता आले नाही.

आणि बीडच्या ऊसतोड बायका? पाळीचे दिवस मुकादमाच्या हिशेबात बसत नाहीत म्हणून गर्भाशयेच काढून टाकलेल्या. २०१९ मध्ये सरकारी समितीने सर्वेक्षण केले, तेव्हा अशा १३ हजारांहून अधिक बायका निघाल्या. त्यांच्याकडूनही सह्या घेतल्या असतीलच की!

स्त्रीबीजाच्या बाजाराकडे या पार्श्वभूमीवर पाहा. २०१० मध्ये मुंबईत सतरा वर्षांची एक मुलगी बीज ‘दान’ केल्यानंतर दोन दिवसांत मेली. परदेशातही हेच. दक्षिण कोरियाचा ह्वांग वू-सुक हा शास्त्रज्ञ क्लोन केलेल्या भ्रूणातून मूलपेशी काढल्याचा दावा करून राष्ट्रीय वीर झाला होता. २००५ मध्ये दावा खोटा निघाला, आणि त्याने दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजे वापरली होती हेही बाहेर आले. काही पैसे देऊन घेतलेली, काही त्याच्याच हाताखालच्या कनिष्ठ संशोधक मुलींची. साहेब बीज मागतो तेव्हा मुलगी ‘नाही’ म्हणू शकते का? रोहा तालुक्यात कंत्राटी कामावर असलेल्या कोणत्याही बाईला विचारा, साहेबाला ‘नाही’ म्हणणे म्हणजे काय असते.

भारतात २०२१ चा एआरटी कायदा झाला, २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. त्यानुसार स्त्रीबीज देणारी २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच देता येते, सातपेक्षा जास्त बीजे काढायची नाहीत. तिचा विमा काढावा लागतो. भ्रूण दहा वर्षांपेक्षा जास्त साठवायचे नाहीत; मुदत संपली की नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. परदेशी विकता येत नाहीत. कागदावर हे चांगले आहे. एका मुद्द्यावर मात्र आमच्यात अजून भांडण आहे. कायदा म्हणतो, विमा आणि औषधोपचाराच्या खर्चाशिवाय तिला मोबदला द्यायचा नाही. काहींना वाटते, बरोबर, शरीर विकाऊ नाही. काहींना वाटते, डॉक्टर कमावतो, केंद्र कमावते, कंपनी कमावते, आणि फुकट ‘दान’ फक्त बाईने करायचे, हा कुठला न्याय? पैसा बंद केला की बाजार बंद होत नाही, तो दलालाच्या खिशात लपतो. आम्ही यावर अजून ठाम झालेलो नाही.

अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्सची गोष्ट आपल्या तरुणांनी जरूर वाचावी. काळी, गरीब, तंबाखूच्या शेतात राबलेली बाई. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कर्करोगाने वारली. तिला न विचारता तिच्या गाठीच्या पेशी घेतल्या गेल्या आणि त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांतून औषधे आली, कंपन्यांनी अमाप पैसा केला. तिच्या वारसांना एका कंपनीने तडजोड करून भरपाई दिली ती २०२३ मध्ये. बहात्तर वर्षांनी.

आता एक आक्षेप. ‘आपल्या माणसाला साधी सोनोग्राफी वेळेवर मिळत नाही आणि तुम्ही भ्रूणसंशोधन घेऊन बसलात!’ हे आम्हाला विहाराच्या ओट्यावरच ऐकवले गेले. उत्तर सिकलसेलमध्ये आहे. विदर्भातल्या आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत हा आजार किती खोल आहे, हे नागपूर-गडचिरोलीच्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. लहान मुले दुखण्याने रात्र-रात्र रडतात. २०२३ च्या शेवटी या आजारावर जनुक बदलणारा पहिला उपचार ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर. हा उपचार रुग्णाच्याच रक्तातल्या मूलपेशींवर होतो, भ्रूणावर नाही. जपानच्या यामानाकांनी २००७ मध्ये प्रौढ माणसाच्या त्वचेतल्या पेशींनाही भ्रूणासारख्या मूलपेशी बनवून दाखवले. त्यामुळे भ्रूणाची गरज थोडी कमी झाली, पण संपली नाही, कारण त्या पेशी खऱ्या मूलपेशींसारख्या वागतात का, हे ताडून पाहायला खऱ्याच लागतात. म्हणून हे संशोधन बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. ते बंद झाले तर श्रीमंतांचे फारसे बिघडणार नाही. ते विमानाने जातील. बिघडेल ते सिकलसेलच्या पोरांचे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने भ्रूणांपासून किंड-१ आणि किंड-२ हे पेशीवंश तयार केले आहेत. सरकारी संस्थेत असे काम व्हावे, वाढावे, आणि त्याची फळे सरकारी दवाखान्यात यावीत, ही मागणी आपली असली पाहिजे.

एका ठिकाणी मात्र आम्ही ठाम आहोत. भ्रूणाचे जनुक बदलून ‘सुधारित’ मूल जन्माला घालणे. २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुईने जुळ्या मुलींवर तो प्रयोग केला आणि तुरुंगात गेला. आपल्या देशात बीज घेताना दात्याचा रंग आणि जात विचारली जाते. इथे ते तंत्र कुणाच्या हाती जाईल आणि कशासाठी? ‘जातिभेदाचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी १९३६ सालीच जातीला वंशशुद्धीचे शास्त्र म्हणणाऱ्यांची खोड मोडली होती. तेच लोक उद्या प्रयोगशाळेच्या दारातून आत येतील.

राहिला तो कागदांचा गठ्ठा. नऊ पाने, सगळी इंग्रजी. संशोधन कोणते, कोणत्या संस्थेत, भ्रूणाचे नेमके काय करणार, त्यातून औषध निघाले तर नफा कुणाचा, याबद्दल एक ओळ नाही. सही केल्यावर मत बदलले तर काय, तेही नाही. आणि गंमत अशी की यातले बरेच काही आपल्याला नव्याने मागायचेच नाही. सहभागी व्यक्तीला कळेल अशा भाषेत माहिती द्यावी, तिला माघार घेता यावी, हे आयसीएमआरच्या तत्त्वांत लिहिलेले आहे. संशोधनाच्या नीती समितीवर वैज्ञानिकांबरोबर एक सामान्य नागरिक असावा, हेही आहे. तो सामान्य नागरिक बहुधा कुणाच्या तरी ओळखीचा निवृत्त साहेब असतो. त्या खुर्चीवर आपल्या वस्तीतली बाई का बसू नये? वंध्यत्वाचा उपचार घेतलेली, ज्या टेबलाबद्दल बाकीचे फक्त बोलतात त्यावर झोपलेली बाई.

नफ्याचा वाटा समाजाकडे वळवावा, असे २००७ च्या तत्त्वांतही होते. किती वाटा आणि तो वसूल कोण करणार, हे विचारायला कुणीतरी उभे राहिले पाहिजे.

ताई आणि त्यांचे यजमान पुढच्या महिन्यात केंद्रात गेले. ‘संशोधनासाठी’ या रकान्यापुढे त्यांनी मराठीत लिहिले होते: कोणते संशोधन ते आधी मराठीत सांगा, मग सही करू. काउंटरवरच्या मुलीने सांगितले की छापील फॉर्मवर असे काही लिहिता येत नाही. त्यांनी आणखी एका वर्षाचे भाडे भरले आणि सही न करता परत आले. रागावल्या होत्या, पण शिलाचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही. म्हणाल्या, “द्यायला माझी ना नाही. पण मला विचारायचे तर मला कळेल असे विचारा.”

त्या नऊ पानांचे मराठी आम्ही करत आहोत. वाचकांपैकी कुणाकडे अशी दुसऱ्या केंद्रांची संमतीपत्रे असतील, तर नाव-पत्ता खोडून आमच्याकडे पाठवा. पाच-सहा जमली की एकाशेजारी एक ठेवून वाचू, आणि मग सगळी मिळून राज्य सरकारच्या एआरटी मंडळापुढे ठेवू.